उतरत्या सुतळ्या

५ जानेवारी, रविवार

पहिली आली ती शेजारची पुष्पाबाईच. मोबाइलवर यादी लागली दहाला आणि सव्वादहाला ही दारात. हिला कुणी सांगितलं देव जाणे, मला तर अजून नीट कळलंही नव्हतं. चपला काढायच्या आधीच ओरडली, "काय वं मुमताज, तुही नात आता वाघ पकडनार म्हने! मले एक लाकडाची मोळी तरी सोडजो म्हना तिले." मी म्हटलं, "तुले तं पहिले पकडील." तिनं जे हसायला घेतलं ते चहा येईपर्यंत.

तर लिहायचं ते हे की अफरीन वनरक्षक झाली. यादीत सातवं नाव. अफरीन युसूफ तडवी. मी तिला तीनदा वाचायला लावलं. आता पोलीस चौकशी, डॉक्टरचं सर्टिफिकेट, मग ऑर्डर. तीन फेब्रुवारीला हजर व्हायचं. पोरीनं वर्षभर पहाटे यावल रोडवर धावून धावून बुटाचे तळ घालवले. लोक म्हणायचे मुलीच्या जातीनं कशाला धावावं. आज तेच लोक गूळ-शेंगदाणे खाऊन गेले. नाजमीन, माझी सून, चहा करून करून दमली. दूध दोनदा आणलं.

ही डायरी बियाण्याच्या कंपनीची. माझा मुलगा युसूफ ज्यांच्या केळीच्या बागेत कामाला आहे त्या पितांबर आबांनी त्याला दिली, त्यानं मला. अफरीन म्हणते, दादी, तिसरीपर्यंत शिकली ना तू, मग अक्षर कशाला मरू देते? म्हणून लिहिते. एक पान भरायला मला भाकरीचं अर्धं टोपलं होईल एवढा वेळ लागतो. असू दे.

७ जानेवारी, मंगळवार

मोटरसायकलवर दोघं आले. मला वाटलं पोलीस चौकशीवाले, म्हणून चांगले कप काढले. पण ती होती कामिनी, नाशिकला शिकते, आणि तिला घेऊन आलेला, नाव नवीन, आपल्या इथला जंगलखात्याचा गार्ड. नवीन अंगानं एवढा बारीक की वर्दीतून दुसरा नवीन निघेल. तो गाडीपाशीच फोनवर बोलत राहिला. पोरगी आत आली.

म्हणाली, "आजी, सायबू तडवींचं घर हेच ना?" माझ्या सासऱ्यांचं नाव! सदतीस वर्षं झाली त्यांना जाऊन. डोंगरातल्या जुन्या डाकबंगल्यात शिकारीचं रजिस्टर आहे म्हणे. साहेब कोण, कधी आला, काय मारलं. आणि पानापानावर लिहिलंय, बरोबर सायबू होता. ती सांबराच्या शिंगांचा अभ्यास करते. बंगल्यांच्या, मोठ्या लोकांच्या घरांच्या भिंतीवरची शिंगं मोजत फिरते. मी म्हटलं बाई, याच्यासाठी पण कॉलेज असतं?

मग मी तिला भिंतीवरचं आमचं तोरण दाखवलं. तोरण म्हणजे बांबूच्या काठीला बांधलेल्या अंबाडीच्या सुतळ्या, तेवीस. सासऱ्यांचं कामच ते होतं, साहेबांना जंगलातलं सगळ्यात मोठ्या शिंगाचं सांबर दाखवायचं. खुराचा ठसा पाहून सांगायचे, शिंग किती असेल. शिंगं साहेब घेऊन जायचे, मुंबईला, इंदूरला. मग सासरे काय करत, त्या मोसमातलं सगळ्यात मोठं शिंग बुडापासून टोकापर्यंत सुतळीनं मापत, तेवढी सुतळी कापून काठीला बांधत. एका मोसमाची एक. तीच त्यांची कमाई म्हणा.

कामिनी उठून जवळ गेली. मग विचारलं, "आजी, या लांबीप्रमाणे लावल्यात का? मोठीपासून लहानपर्यंत?"

म्हटलं, नाही. वर्षाप्रमाणे. पहिली डावीकडची, आमचा धनी जन्मला त्या सालची. शेवटची उजवीकडची, माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या सालची. मग शिकार बंद झाली.

ती म्हणाली, "नक्की?"

नक्की म्हणजे काय! ती शेवटची बांधली तेव्हा काठी मीच धरली होती.

तिनं टेप काढला. पहिली त्रेचाळीस इंच. मधली कुठं छत्तीस, कुठं सदतीस, एखादी वर उडी मारलेली. शेवटची साडेबावीस. मी पन्नास वर्षं त्या काठीवरची धूळ झाडते. मला वाटायचं, सासऱ्यांनी शोभेसाठी उतरतं केलंय.

९ जानेवारी, गुरुवार

थंडी चांगली पडली. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवर वांगी भाजली, भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. अफरीननं तीन खाल्ल्या. तेवढं खाऊन, परवा जाताना कामिनी तिला जे सांगून गेली ते मला समजावून सांगितलं.

सांबराचं शिंग दरवर्षी गळतं आणि नवं येतं, नर मोठा होतो तसं तेही मोठं येतं. मोठ्या शिंगाचा नर माद्यांना जिंकतो, त्याची पिल्लं होतात. आता दरसाल येऊन सगळ्यात मोठ्यालाच गोळी घातली, तर माद्यांपाशी राहिलं कोण? बारीक शिंगवाले. मग पिल्लं त्यांची. मी म्हटलं, हे तर आमच्या गल्लीसारखं झालं. उंच पोरं सगळी सुरतेला गेली, तिकडंच लग्न करून बसली, आणि इथं पोरींच्या नशिबी बुटके. अफरीनला ठसका लागला.

युसूफ मात्र हसला नाही. तो म्हणाला, "आम्ही बागेत काय करतो माय? केळीच्या बुडाला दहा पिलं फुटतात. चांगलं जोमदार एक राखतो, बाकीची कापतो. पुढची बाग त्याच्यावर. आज्यानं उलटं केलं. चांगलं तेच कापलं."

मला ते लागलं. सासरे चुकले असं त्याला म्हणायचं होतं की नव्हतं, कळलं नाही. मी भांडी जरा आदळली.

१६ जानेवारी, गुरुवार

आज माझ्या हातून काय झालं ते मला अजून समजत नाही. सरळ लिहिते.

कामिनी आणि नवीन पुन्हा आले. तिनं सुतळ्यांचे फोटो काढले, माझेही काढले, तोरणाखाली उभी करून. मग म्हणाली, "आजी, एक अडचण आहे. मोठे मोठे मारले की जंगलात तरणेच उरतात, आणि तरण्यांची शिंगं लहानच असतात. त्यामुळे शेवटची सुतळी लहान आहे ती वंश बारीक झाला म्हणून, की नर कोवळा होता म्हणून, हे नुसत्या सुतळीवरून कळत नाही. चाराही कमी झाला असेल. वय कळायला दात लागतात."

आता मला काय आठवलं असेल? शेवटच्या मोसमाचं.

मी नवी सून होते. मुंबईचा एक मिलवाला साहेब आला होता. सासरे पाच दिवस डोंगरात त्याला घेऊन फिरले, पाचव्या दिवशी सांबर पडलं. साहेबानं शिंगं पाहिली आणि सगळ्या लोकांसमोर म्हणाला, हे मी भिंतीवर लावू? सायबू, तू आंधळा झालास. ते शिर तिथंच टाकून गेला. सासरे ते खांद्यावर घेऊन घरी आले. त्या दिवसापासून गावात आंधळा सायबू नाव पडलं. माझ्या धन्याला बाजारात आंधळ्याचा पोरगा म्हणत. सासरे मरेपर्यंत सांगत राहिले, मोठे नर डोंगर ओलांडून पलीकडे मध्य प्रदेशात गेले, हुशार झाले, लपतात. मलाही तेच खरं वाटायचं.

ते शिर आमच्या कणगीमागे पोत्यात आहे. नको असलेलं म्हणून राहिलं, नाहीतर तेही मुंबईला गेलं असतं.

मी पोतं ओढून बाहेर काढलं. कामिनीला एवढा आनंद होईल असं वाटलं मला. तिचे तर डोळे मोठे झाले, पण आनंदानं नाही. तेवढ्यात नवीन चहाचा कप ठेवायला आत आला आणि त्यानं पाहिलं.

त्यानं कप ठेवला नाही. हातातच धरून उभा. मग म्हणाला, "आजी, याची नोंद आहे का कुठं? कागद काही?"

कसला कागद! घरातली वस्तू. त्यानं कामिनीकडं पाहिलं, तिनं जमिनीकडं. तो म्हणाला, असं घरात ठेवता येत नाही, कायदा झाला तेव्हा नोंदवायला पाहिजे होतं. नंतरही मुदत दिली होती. मग जरा वेळानं म्हणाला, "मी सोमवारपर्यंत फैजपूरला आहे बहिणीकडे. इकडे येणार नाही. सोमवारी मला साहेबांना सांगावं लागेल." जाता जाता परत सांगितलं, सोमवारपर्यंत मी नाही. आणि गाडीला किक मारताना परत. बहिणीवर फार जीव दिसतो त्याचा.

अफरीन दाराशी उभी होती. तिचा चेहरा पिठासारखा.

१७ जानेवारी, शुक्रवार

युसूफ कामावर गेला नाही. करवत घेऊन बसला. म्हणाला, "तुकडे करतो, उसाच्या गुऱ्हाळाच्या भट्टीत टाकतो, विषय संपला. तो पोरगा आपल्याला चार दिवस देऊन गेला, माय, तुले कळत नाही का?"

मला खरंच कळलं नव्हतं. बहीण, फैजपूर, मी तर तसंच धरलं होतं.

मी पोत्यावर बसले. म्हटलं, पहिले मला काप. तो म्हणाला, "जंगलखात्यात नोकरी अन् घरात सांबराचं शिर! पोरीची चौकशी चालू शे. तिची ऑर्डर जाईल, समजलं? एका आंधळ्यानं आणलेल्या टाळक्यापायी!"

आंधळ्यानं. माझ्या पोरानं, माझ्यासमोर. त्याच्या आज्याला. त्यानं लगेच करवत खाली ठेवली. नाजमीननं करवत उचलून आत नेली.

मी त्याच्याशी बोलले नाही. पण तो म्हणतो ते खोटं नाही हेही लिहून ठेवते. मी तोंड आवरलं असतं तर काही झालं नसतं. मला सासऱ्यांच्या नावाची पडली होती आणि पोरीच्या नावाची आठवण राहिली नाही. आनंदात माणूस असं वेडं होतं काय?

१८ जानेवारी, शनिवार

अफरीन माझ्याजवळ येऊन बसली. तीन दिवस घुम्यासारखी होती. म्हणाली, "दादी, दाखव बरं ते."

पोतं उघडलं. तिनं शिर मांडीवर घेतलं, उलटं केलं. वरचे दात आहेत अजून. ती एकेका दाढेवरून बोट फिरवत होती. मग मला म्हणाली, "तू फिरव." मी फिरवलं. गुळगुळीत. कडाच नाहीत. माझ्या तोंडात उरलेल्या दोन दाढा आहेत, तशाच.

मी म्हटलं, "हे तर म्हातारं व्हतं गं."

"कामिनीताई पण तेच म्हणतील," ती म्हणाली. "लय म्हातारं."

मग मी शिंगावर हात ठेवला. म्हातारा नर, पुरा वाढलेला, आणि शिंग साडेबावीस. म्हणजे सासऱ्यांनी कोवळं पोर दाखवलं नव्हतं. पाच दिवस फिरून जंगलात होतं त्यातलं मोठं तेच दाखवलं होतं. त्यांच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं.

हे लिहिताना आधी अभिमान वाटला. मग दुसरा विचार आला, तो पण लिहिते. त्यांचे डोळे एवढे चांगले होते की तेवीस मोसमांत त्यांनी एकही मोठा सोडला नाही. आंधळे असते तर एखादा सुटला असता. मोठे डोंगर ओलांडून गेले नव्हते. ते काठीला बांधलेले होते, डावीकडून. मग मी कशाचा अभिमान धरू?

अफरीन वही घेऊन बसली होती. विचारत होती, शिर कोणत्या साली आणलं, कोणापुढे, पणजा कधी वारले, त्यांच्यानंतर कोणाच्या ताब्यात. मी सगळं सांगितलं. परीक्षा झाली तरी अभ्यास सुटत नाही पोरीचा. बरं वाटलं, तिला घरच्या गोष्टीत गोडी लागली. अक्षर फार सुंदर आहे तिचं, खाली सही पण करून टाकली.

२० जानेवारी, सोमवार

अफरीन पहिल्या एसटीनं यावलला गेली. डॉक्टरच्या सर्टिफिकेटसाठी असेल. डबा नेला नाही. युसूफ तिला म्हणाला थांब, मी येतो. ती म्हणाली नको पप्पा. तो अंगणात उभाच राहिला, गाडी वळेपर्यंत.

पुष्पाबाई विचारून गेली, सगळे असे का बसलेत, कोणी गेलं का? म्हटलं जा बाई.

२१ जानेवारी, मंगळवार

युसूफ माझ्याशी बोलला. "माय, जेव." एवढंच. जेवले.

२३ जानेवारी, गुरुवार

आज चौघं आले. जीपमधून पहिले नवीन उतरला, माझ्याकडं पाहिलं नाही त्यानं. मग कामिनी, मग साहेब, चष्म्यातले, वयानं युसूफएवढे, आणि एक लिहिणारा. साहेबांच्या हातात कागद होता. त्यावरचं अक्षर मी लांबून ओळखलं.

नवीननं सांगायच्या आधीच अफरीननं जाऊन सांगितलं होतं. सोमवारी सकाळीच. साहेबांनी वाचून दाखवलं. माझ्या घरात सांबराचं शिर आहे, नोंद नाही, अमुक साली माझ्या पणज्यानं आणलं, मी आज ते स्वतःहून खात्याला कळवते. शनिवारी ती वहीत लिहीत होती ते हेच, मला तेव्हा अभ्यास वाटला होता.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक पितांबर आबा आले, दुसरी शेजारीण म्हणून पुष्पाबाई. तिला पंच म्हणजे काय ते सांगितल्यावर लगेच नवं लुगडं नेसून आली, आणि साहेबांना म्हणाली, "मी सही करीन, पन मुमताजच्या ईरुद्ध काही लिवसान तं नाही करनार." साहेबांना हसू आलं, त्यांनी ते दाबलं.

शिर अंगणात पोत्यावर ठेवलं. कामिनीनं मोजमाप घेतलं. दात पाहिले, छोट्या भिंगातून. खूप वेळ. सगळे थांबलेले. मग ती उठून मला म्हणाली, "आजी, नर वयात आलेला नव्हे, वय उलटलेला होता. दहाच्या पुढचा. एका शिरावरून मी सगळ्या जंगलाचं सांगू शकत नाही, चाऱ्याचंही पाहावं लागेल. पण तुमच्या तेवीस सुतळ्या आणि हे, असं दोन्ही एका घरात मला कुठंच मिळालं नाही."

मी साहेबांना म्हटलं, "मग लिहा तिथं, सायबू तडवी आंधळा नव्हता."

लिहिणारा थांबला. साहेब म्हणाले, "आजी, पंचनाम्यात वस्तू लिहितात. माणसाचं नाही."

"मग कुठं लिहितात?"

ते म्हणाले, तुमचा जबाब घेऊ तेव्हा बोला. मी म्हटलं बोलेन. आणि हेही बोलेन की सासरे गेल्यावर पोतं मी बांधलं, कणगीमागे मी ठेवलं, तेव्हा युसूफ लहान होता आणि ही पोरगी जन्माला यायची होती. जे काय करायचं ते माझं करा. युसूफ मध्ये बोलायला आला, मी हात केला. बसला खाली.

पितांबर आबांनी साहेबांना विचारलं, पोरीच्या ऑर्डरचं काय? साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, तिनं स्वतः कळवलं हे मी वर लिहून पाठवलंय. पण निर्णय माझ्या हातात नाही. कायदा कायदा आहे.

अफरीन त्यांना म्हणाली, "सर, तोरण पण नेणार का?"

सुतळ्या आहेत त्या, साहेब म्हणाले. सुतळ्यांना कायदा नाही.

शिर जीपमध्ये ठेवलं, नवीननंच उचललं, दोन्ही हातांनी, जपून. जाताना माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "आजी, मी खरंच बहिणीकडे होतो." आता हे मला सांगायची काय गरज? पण सांगितलं.

ते गेल्यावर मी अफरीनला विचारलं. रागानं नाही. एवढी धावलीस, कशासाठी धावलीस मग? ती चुलीपाशी भाकरीचा तुकडा मोडत होती. म्हणाली, "दादी, उद्या मी कोणाच्या घरात शिरून पोतं उघडायला सांगेन. तो म्हणेल, तुझ्या घरी पाहिलं का?"

"अन् ऑर्डर नाही आली तं?"

तिनं तुकडा खाल्ला. "तं नाही आली," म्हणाली, आणि डोळ्याला पदर नाही म्हणून बाही लावली. मग युसूफ उठला, तिच्याजवळ जाऊन बसला.  त्याच्या ताटातलं भरीत तिच्या ताटात सारलं.

साहेब पुन्हा मंगळवारी येणार आहेत, अठ्ठावीस तारखेला, सकाळी अकराला, माझा जबाब घ्यायला. अफरीनचंही काय ते तेव्हाच कळवतो म्हणाले.